काखेत कळसा

कणकुंबीत पडणाऱ्या पावसाला दोन समुद्र आहेत. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेची वाट धरते. पट्टदकल, ऐहोळेची देवळं मागे टाकत ती कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. त्याच गावाजवळचा कळसा नाला मात्र पश्चिमेला कलतो, घाट उतरून गोव्यात म्हादईला मिळतो आणि पणजीपाशी अरबी समुद्र गाठतो.

गावाचं नाव ऐकलं की शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाचे कान टवकारतात. मराठीत कण म्हटलं की कणीस, कणीक, कण्या हे सगळं धान्याचं गोत डोळ्यांपुढे येतं. कन्नडात ‘कण’ म्हणजे खळं. ‘कुंबी’ म्हटलं की कुंभ आठवतो. पण गावांच्या नावांचा अर्थ असा कानाने लावू नये, आणि सीमाभागात तर मुळीच नाही. इथे एकाच नावावर दोन भाषा हक्क सांगतात आणि दोघींनाही आपापला अर्थ अगदी उघड दिसतो. तेव्हा नावाची फोड राहू दे. कण आणि कुंभ हे दोन शब्द मात्र मी खिशात टाकतो, पुढे लागणार आहेत.

नद्यांची नावंही काही कमी नाहीत. मलप्रभेचं जुनं रूप मलापहारी, म्हणजे मळ हरण करणारी. म्हादईला कर्नाटकाच्या कागदपत्रांत महादायी म्हणतात, गोव्यात म्हादई, आणि तीच खाली गेली की मांडवी. मराठीत मांडवी म्हणजे बंदरावरची जकातीची जागा. मुंबईतली मांडवी त्यातलीच. आणि कळसा तर आपल्या सगळ्यांच्या तोंडातला. संस्कृतातला कलश मराठीत आला तेव्हा देवळावर चढला तो कळस झाला आणि बाईच्या कमरेवर बसला तो कळसा. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण ज्याने घडवली त्याला कणकुंबीचा नाला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण गेली कित्येक वर्षं या कळशाचं पाणी वळवून मलप्रभेत न्यायचं की नाही, यावरूनच तीन राज्यांचा वाद चालू आहे. २०१० मध्ये लवाद नेमला गेला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याचा निवाडा आला, त्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी आलं, आणि वाद काही थांबला नाही. वळवणे आणि वळसा ही एकाच घरातली भावंडं. म्हणीतला शब्द न् शब्द इथे खरा होऊन बसलाय.

वाद सगळा पाण्याचा. पाण्याबरोबर जे जातं त्याची चर्चा फारशी कुणी करत नाही. ते म्हणजे गाळ. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो क्रियेतून आलाय. गाळणे या क्रियेत जे खाली सुटतं किंवा मागे राहतं ते गाळ. चहाचा गाळ, विहिरीचा गाळ, खाडीचा गाळ. घरात गाळ फेकायचा असतो. विहिरीतला उपसायचा असतो. माणसाचा तर ‘गाळात गेला’ म्हणजे संपलाच. गाळाला प्रतिष्ठा मिळते ती फक्त दोन ठिकाणी: नदीकाठच्या मळईच्या शेतात, आणि दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेची इमारत मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मुखांजवळ उभी आहे. तिथे माणसं पगार घेऊन गाळ बघत बसतात.

ती काय करतात ते नीट सांगण्यासारखं आहे. होडीतून किंवा जहाजातून लोखंडी जबडा तळाशी सोडतात. तो चिखलाचा एक घास तोडून वर आणतो. त्याच्या वरच्या थरातला थोडा गाळ घेऊन त्यात ‘रोझ बंगाल’ नावाचा किरमिजी गुलाबी रंग घालतात. नावात बंगाल, पण रंग युरोपातल्या रसायनशाळेत जन्मलेला. १९५२ मध्ये वॉल्टन या संशोधकाने तो या कामाला लावला. नमुना काढताना जो जीव जिवंत होता त्याच्या आतला जीवरस हा रंग धरतो, मेलेल्याची रिकामी टरफलं पांढरी राहतात. मग सगळं चाळणीवर धुतात. चाळणीची भोकं ६३ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा साधारण सोळावा भाग. चिखल वाहून जातो आणि वर वाळूसारखे कण उरतात. ते वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचे, आणि दोन-चार केसांच्या ओल्या कुंचल्याने त्यातला एकेक नेमका कण टिपून काळ्या पट्टीवर मांडायचा. तांदूळ निवडणाऱ्या बाईची नजर आणि सोनाराचा हात दोन्ही लागतं.

उघड्या डोळ्यांना जी वाळू वाटली तिच्यात आता शंख दिसू लागतात. चाकं, द्राक्षाचे घोस, बाटल्या, कणसं, वेण्या. कुणाचा आकार अर्धा मिलिमीटर, कुणाचा त्याहून कमी. यातला प्रत्येक शंख एका पेशीने बांधलेला आहे. त्या बांधणाऱ्याला डोळे नाहीत, तोंड नाही, मेंदू नाही. या मंडळींचं नाव फोरॅमिनिफेरा. समुद्रशास्त्रवाले लाडाने फोरम म्हणतात.

लॅटिनमध्ये ‘फोरामेन’ म्हणजे भोक, आणि ‘फेरे’ म्हणजे वाहणे, बाळगणे. दोन्ही मिळून भोक बाळगणारे. यातला दुसरा तुकडा आपल्या घरचाच आहे. लॅटिन फेरे आणि संस्कृत भृ ही सख्खी भावंडं, त्यामुळे भार, भारा, भरण, भर्ता ही सगळी मंडळी या फेराची चुलत नातलग लागतात. पहिल्या तुकड्याचा धातू म्हणजे भोक पाडणे. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला बोअर, ज्याच्यावरून आपण ‘बोअर मारली’ म्हणतो, तो त्याच कुळातला. उन्हाळ्यात खानापूरच्या पूर्वेकडे गावोगाव बोअरच्या गाड्या फिरतात, तेव्हा एक फार जुना धातू घरघरत असतो.

आता ही भोकं कुठली? बहुतेक जण सांगतील, शंखाला बारीक छिद्रं असतात म्हणून. सोयीचं उत्तर, खरं मात्र तेवढंच नाही. शंख एका खोलीपासून सुरू होतो. जीव वाढला की पुढे दुसरी खोली बांधतो, मग तिसरी. पहिल्या खोलीचं बाहेरचं दार आता दुसऱ्या खोलीत उघडतं. म्हणजे कालचं पुढचं दार आज आतलं दार होतं, आणि पेशीचा रस एका खोलीतून दुसरीत वाहत राहतो. आपल्या जुन्या घरांत ओसरीतून माजघरात आणि माजघरातून स्वयंपाकघरात जाताना दार लागतं तसंच. फरक इतकाच, की इथे घर मागे वाढत नाही, पुढे वाढतं, आणि घरमालक सगळ्या खोल्यांत एकाच वेळी राहतो. नावातलं फोरामेन म्हणजे हे आतलं दार.

ते नाव दिलं फ्रान्सच्या अल्सीद दॉर्बिन्यी याने, १८२६ मध्ये. आणि दिलं ते अगदी चुकीच्या समजुतीने. त्याला हे शंख नॉटिलसचे छोटे भाऊबंद वाटले. नॉटिलस म्हणजे म्हाकुळाच्या कुळातला शंखवाला प्राणी. त्याच्याही शंखात खोल्या असतात आणि त्यांतून एक नळी आरपार जाते. या बारक्यांना नळी नव्हती, नुसती भोकं होती. म्हणून नळीवाल्यांचा एक गट आणि भोकवाल्यांचा दुसरा, अशी त्याने वाटणी केली. नऊच वर्षांनी, १८३५ मध्ये, फेलिक्स द्युजार्दैं याने जिवंत जीव पाहिले आणि म्हाकूळ वगैरे काही नाही, आत नुसता एक चिकट रस आहे, तोच धागे सोडतो आणि तोच खातो, हे दाखवून दिलं. दॉर्बिन्यीचा वर्ग कोसळला. नाव राहिलं. त्याच्याही आधी ब्राईन या पंडिताने १७३२ मध्ये ‘पॉलिथॅलामिया’, म्हणजे अनेक खोल्यांचे, असं नाव दिलं होतं. खरं तर ते जास्त बरं होतं. (आमच्या बेळगावात ‘खरं’ म्हणजे ‘पण’ असतं, तेव्हा वरचं वाक्य पुणेकरांनी एकदा वाचावं, बेळगावकरांनी दोनदा.)

एक गंमत फोरमची. मराठीत फोरम म्हणजे मंच: ग्राहक फोरम, डॉक्टरांचा फोरम. हा रोमन चौकातून आलेला शब्द. त्याचं मूळ लॅटिनमधल्या दाराच्या शब्दात, आणि तो शब्द आपल्या द्वार, दार यांचा नातलग. भोकवाला फोरम आणि चौकवाला फोरम यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण समुद्रातल्या फोरमच्या भोकाचं काम दाराचंच आहे. म्हणजे कुणी अडाणीपणाने दोन्ही फोरम एक समजला तर व्युत्पत्ती चुकेल, अर्थ चुकणार नाही.

आता खिशातला कुंभ काढतो. या जीवांच्या शंखाला शास्त्रात ‘टेस्ट’ म्हणतात. बारावीच्या मुलाला वाटतं परीक्षा. लॅटिनमध्ये ‘टेस्टा’ म्हणजे मातीचं भांडं, खापर. त्यावरूनच शंखशिंपल्याचं कवच. गंमत म्हणजे परीक्षेची टेस्टही तिथूनच निघाली. सोनं-चांदी पारखायला जी मातीची मूस वापरत तिचं नाव ‘टेस्टुम’, त्यावरून पारख, आणि पारखेवरून परीक्षा. आपल्याकडे सोन्याची पारख दगडावर घासून होते, म्हणून आपला शब्द कसोटी, कस पाहण्याची पट्टी. त्यांची परीक्षा मडक्यात, आपली दगडावर.

आणि टेस्टाने आणखी एक प्रवास केला. फ्रेंचमध्ये डोक्याला ‘तेत’ म्हणतात, तो शब्द याच मडक्यातून आला. रोमन शिपाई थट्टेने डोक्याला मडकं म्हणत असतील, पण आपल्याला हसायला जागा नाही. संस्कृतात कपाल म्हणजे डोक्याची कवटी आणि कपाल म्हणजे खापरही. कर्पर, खर्पर यांचंही तसंच, आणि त्यातूनच मराठीचं खापर. आपण दुसऱ्याच्या माथी खापर फोडतो. भाषेच्या दृष्टीने ते मडकं मडक्यावर आपटणं झालं. चार पिढ्यांपलीकडच्या माणसाला आपण खापरपणजोबा म्हणतो, आणि फोरमच्या घराण्याचा इतिहास पन्नास कोटी वर्षांहून जुना आहे. तेव्हा टेस्टला ‘कवच’ म्हणण्यापेक्षा ‘खापरी’ म्हणावं असं माझं सरळ मत आहे. कवच म्हटलं की चिलखत, लढाई, कर्ण आठवतो. फोरम कुणाशी लढत नाही. तो नुसता खोल्या वाढवत बसतो.

समुद्रतळावर राहणाऱ्या फोरमना शास्त्रात बेंथिक म्हणतात. ग्रीकमध्ये ‘बेंथॉस’ म्हणजे खोली, इथे राहायची नव्हे, पाण्याची. पारिभाषिक कोशात यासाठी नितलस्थ असा शब्द सापडतो. इतका जड शब्द आपोआप तळाला जातो, यात शंका नाही. आपण तळ ठोकतो, तळ गाठतो, तव्याचा तळ घासतो. ‘तळचे फोरम’ म्हटल्याने कुणाचं शास्त्र बुडणार नाही. हजारो जातींपैकी पाण्यात तरंगत राहणाऱ्या जाती पन्नासेकच. बाकी सगळ्यांनी तळच ठोकलाय.

कुठे कोण राहतं, याला नियम आहे, आणि त्या नियमात कणकुंबीचा हात आहे. पावसाळ्यात सह्याद्रीवरून जे गोडं पाणी उतरतं त्याने मांडवीची खाडी मुखापर्यंत फिकी पडते. उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी आत घुसतं आणि भरती-ओहोटीचा परिणाम थेट आत गांजे गावापर्यंत जाणवतो. वर्षातून एकदा पाणी गोडं, एकदा खारं. असल्या बेभरवशाच्या जागी सगळ्यांनाच राहवत नाही.

खाडीच्या आतल्या भागात, खारफुटीच्या आंबट चिखलात, चुन्याची खापरी टिकत नाही. आम्लात ती विरघळते. तिथे जे राहतात ते चुन्याच्या नादी लागत नाहीत. वाळूचे कण गोळा करतात, आपल्याच चिकट रसाने एकमेकांना चिकटवतात आणि भिंत उभी करतात. शास्त्रीय शब्द ‘ॲग्लुटिनेटेड’. त्यातला ग्लुटेन म्हणजे चिकटा, डिंक. आणि हाच ग्लुटेन गव्हाच्या कणकेत असतो, म्हणून ती ताणली जाते. कणातून कणीक, तशी कणातून खापरी. यातल्या एकाचं नाव ‘अमोबॅक्युलाइट्स’: ग्रीकमधली वाळू आणि लॅटिनमधली काठी. दुसरा ‘मिलिअम्मिना’: लॅटिनमधलं ‘मिलिअम’, म्हणजे राळ्या-वरीसारखं भरड धान्य, आणि पुन्हा तीच वाळू. युरोपातल्या पंडितांना नवा जीव दिसला तेव्हा त्यांनी हात घातला तो कोठीत आणि अंगणात. धान्य, काठी, वाळू.

धान्याचा हा मिलिअम मुंबईलाही येऊन गेलाय. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर मुंबईत नोकरीला होता आणि फावल्या वेळात अरबस्तान, सिंध, कच्छ, काठियावाडच्या दगडांतले फोरम पाहत होता. १८४९ मध्ये सौराष्ट्रातल्या पिवळसर पांढऱ्या चुनखडकाला त्याने ‘मिलिओलाइट’ हे नाव दिलं, कारण त्यात मिलिओला कुळातल्या खापऱ्या ठासून भरलेल्या. हाच पोरबंदरचा दगड. मुंबईतल्या अनेक जुन्या इमारतींच्या कोरीव कामाला तो लागलाय. दगडाच्या नावात धान्य शिरलं याचं आपल्याला नवल वाटायला नको. इजिप्तच्या पिरॅमिडांच्या चुनखडकात ‘न्युम्युलाइट’, म्हणजे छोटी नाणी, या जातीचे फोरम आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो तिथे गेला तेव्हा त्याला सांगण्यात आलं, की मजुरांच्या जेवणातले मसूर उरले आणि त्यांचे दगड झाले.  एकाला तेच कण मसूर वाटले आणि दुसऱ्याला नाणी, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. उपाशी माणूस कोण आणि सावकार कोण, ते ओळखता येतं.

खाडीच्या मुखाशी आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राज्य चालतं ते अमोनियाचं. हो, वायूचंच नाव, पण हा अमोनिया म्हणजे गोगलगाईसारखा वळलेला, चुन्याच्या खापरीचा फोरम. खारं-गोडं दोन्ही सोसतो, म्हणून जगभरच्या खाड्यांत सापडतो. त्याची कुळकथा इजिप्तमध्ये सुरू होते. तिथला देव आमून, ग्रीकांचा अम्मोन, त्याला मेंढ्याची वळलेली शिंगं. दगडात सापडणाऱ्या गोल वळणाच्या शंखांना रोमन लोक अम्मोनची शिंगं म्हणत. अमोनाइट ते हेच, आणि आपल्या देव्हाऱ्यातला गंडकी नदीतला शाळिग्रामही हाच. १७३१ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या वाळूत जाकोपो बेक्कारीला तशीच पण डोळ्याला न दिसणारी शिंगं सापडली. लिनियसने १७५८ मध्ये त्या जातीला बेक्कारीचं नाव दिलं आणि पुढे ती झाली अमोनिया बेकारी. मराठी विद्यार्थ्याला हे नाव एकदा सांगितलं की जन्मात विसरत नाही. मध्यंतरी जनुकं तपासल्यावर कळलं, की या एका नावाखाली बऱ्याच निरनिराळ्या जाती एकत्र कोंबल्या गेल्या होत्या. बेकारी आधी वाटली तेवढी सरसकट नव्हती.

वायूचा अमोनियाही त्याच देवाच्या दारातला. लिबियाच्या वाळवंटात अम्मोनच्या देवळाच्या आसपास मिळणारं मीठ ते अम्मोनचं मीठ, आणि त्या मिठातून निघणारा वायू तो अमोनिया. ते मीठ आपल्या घरीही येत असे. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात एक पांढरी पूड टाकायचा, भक्कन धूर यायचा, नाकात झणका जायचा आणि मग कापडाच्या बोळ्याने कथील चकाचक पसरायचं. ती पूड नवसागर. फारसीतला नौशादर मराठीच्या तोंडात बसेना, तेव्हा मराठीने त्याला ओळखीच्या दोन शब्दांत मोडून टाकलं: नव आणि सागर. मुळात त्यात सागर नव्हता, नऊ नव्हते, नवं काही नव्हतं. लोकव्युत्पत्ती म्हणतात ती ही. अम्मोनचं मीठ मराठीत येऊन सागर झालं, आणि अम्मोनचं शिंग खरोखर सागरात निघालं. दोन्ही गोष्टी एकमेकींना न भेटता.

याच उथळ पट्ट्यात अमोनियाचा शेजारी ‘रोटॅलिडियम’. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो भरपूर. नाव ‘रोटा’वरून, म्हणजे चाक, आणि लॅटिन रोटा हा संस्कृत रथाचा भाऊ. रोटॅलिडियम म्हणजे चिमुकला रथ म्हटलं तर भाषाशास्त्राला धक्का लागत नाही. किनाऱ्यापासून दूर, साधारण दीडशे-दोनशे मीटर खोलीच्या खाली अरबी समुद्रात एक पट्टा आहे, तो हजार-बाराशे मीटरपर्यंत जातो. तिथल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. अशा गुदमरत्या चिखलात लांबोडक्या खापऱ्यांची वस्ती: ‘युव्हिजेरिना’, म्हणजे द्राक्षं वाहणारी, आणि ‘बोलिव्हिना’. दुसऱ्या नावात बोलिव्हिया ऐकू येतो. दॉर्बिन्यी त्या देशात हिंडून आला होता आणि १८३९ मध्ये हे नाव त्यानेच दिलं. चिलीबरोबरच्या युद्धात, १८७९ नंतरच्या पाच वर्षांत, बोलिव्हियाने आपला सगळा किनारा गमावला. देशाला आज समुद्र नाही, बोलिव्हिनाला मात्र सगळे समुद्र मोकळे.

एवढी वस्ती पाहून ठेवण्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर कारवारकडे बोट दाखवावं. काळी नदी तिथे समुद्राला मिळते. मुखासमोरच्या तळाच्या गाळाचा उभा गाभा काढून राजीव निगम, खरे आणि नायर यांनी त्यातल्या कोनदार आणि गोलसर फोरमचं प्रमाण थरागणिक मोजलं. नदीचं गोडं पाणी जास्त आलं की कमी, याची खूण त्या प्रमाणात असते, आणि सह्याद्रीच्या नदीचं पाणी म्हणजे पाऊस. १९९५ मध्ये त्यांनी लिहिलं, की दुष्काळांना सुमारे ७७ वर्षांचं चक्र दिसतं. हे चक्र सगळ्यांनाच पटलेलं असेल असं नाही, पण पावसाची नोंदवही खाडीच्या चिखलात सापडते, ही कल्पनाच मला मोठी वाटते. निगम यांनी सहकाऱ्यांबरोबर २००५ मध्ये मांडवीच्या गाळाबद्दलही लिहिलं. त्यात खाणींच्या मातीचा फोरमवर होणारा परिणाम होता, आणि एकेकाळी समुद्र आजच्यापेक्षा वर होता याची साक्षही. म्हादईच्या वादात पाण्याचे आकडे सगळ्यांना तोंडपाठ. तळाशी बसून हिशेब ठेवणाऱ्या या कारकुनांना कुणी साक्षीला बोलावल्याचं ऐकलं नाही.

तेलवाल्यांनी मात्र बोलावलं. विहीर खणताना वर येणाऱ्या दगडाच्या चुऱ्यात कोणते फोरम आहेत, यावरून थर किती जुना ते कळतं, म्हणून विसाव्या शतकात तेल कंपन्यांनी फोरमतज्ज्ञ नोकरीला ठेवले. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं ते ज्या खडकात, तोही मायोसीन काळातला चुनखडकच. वाळू रगडून तेल काढण्याची अशक्यप्राय गोष्ट भर्तृहरीने सांगितली आणि वामनपंडितांनी ती मराठीत आणली. आता वाळूएवढ्या खापऱ्या मोजून तेल काढतात, रगडावं लागत नाही.

याच तेलाने एक भाषिक अपघातही घडवला. तेलवाल्या अमेरिकनांनी फोरमचं टोपणनाव ठेवलं ‘ऑइल बग’. हिंदीतल्या एका विश्वकोशी नोंदीत त्याचं भाषांतर झालंय ‘तेल मत्कुण’. मत्कुण म्हणजे ढेकूण. इंग्रजीत बग म्हणजे कुठलाही बारका किडा, पण भाषांतरकाराने कोश उघडला आणि पहिला अर्थ उचलला असावा. शब्द संस्कृत असला की तो शास्त्रीय होतो, या समजुतीला याहून चांगला टोला शोधून मिळणार नाही.

आपल्याला मराठीत हे सगळं लिहायचं तर शब्द आहेत, नुसते वापरायचे राहिलेत. ‘टेस्ट’ला खापरी, ‘चेंबर’ला खोली, ‘फोरामेन’ला दार, ‘सेडिमेंट’ला गाळ, ‘बेंथिक’ला तळचे, ‘ॲग्लुटिनेटेड’ला चिकटकणी. फोरम हे नाव तसंच ठेवावं. ‘छिद्रधारी’ म्हटलं की दोषच शोधत बसणारा छिद्रान्वेषी शेजारी येऊन बसतो आणि समुद्रातला जीव एकदम भांडकुदळ वाटू लागतो. अमोनियाला नवसागर म्हणायचा मोह मलाही होतो, पण जातींची नावं लॅटिनचीच चालतात, तो जगभरचा करार आहे, आणि एका कल्हईसाठी करार मोडू नये.